समोरचा पाट

५ जानेवारी २०२५, रविवार
सिडको, नाशिक

तेजस्विनी,

मायन्यात काय लिहावं यावर अर्धा तास गेला. 'चिरंजीव' लिहून पाहिलं, 'प्रिय' लिहून पाहिलं, दोन्ही कागद बाजूला ठेवले. नुसतं नाव लिहिलं तर तू पुढचं वाचशील असं वाटलं. तुझा कोल्हापूरचा पत्ता मयूरमामाकडून घेतला. त्याच्यावर रागावू नकोस, तीन वेळा मागितला तेव्हा त्याने दिला. फोन तू उचलत नाहीस, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

काम अभ्यासाचं आहे. मुक्त विद्यापीठाचा माझा बी.ए.चा फॉर्म तूच भरला होतास. "पप्पा, अंबडच्या कारखान्यात दिवसभर लोखंड मोजता, आता जरा शब्द मोजा," असं म्हणाली होतीस. मध्ये एक वर्ष बुडालं, पण मी सोडलं नाही. हे शेवटचं वर्ष. पंचवटीतल्या एका कॉलेजात दर रविवारी लतिका मॅडम आम्हाला शिकवतात. त्यांनी एका कथेची झेरॉक्स दिली आहे, नऊ पानांची. लेखकाचं नाव पट्टी लावून झाकलेलं. "नाव बघून मत बनवू नका," म्हणाल्या. फेब्रुवारीअखेर या कथेचं विश्लेषण लिहून द्यायचं आहे.

विश्लेषण म्हणजे नेमकं काय करायचं ते मला उमगत नाही. आमच्या गावच्या शाळेत धडा वाचायचा, कठीण शब्दांचे अर्थ लिहायचे आणि शेवटी बोध लिहायचा. मी बोध लिहून नेला. मॅडमनी कागद परत दिला. "गोरक्षराव, हा फळ्यावरचा सुविचार झाला. कथेत काय चाललंय ते सांगा." तू कॉलेजात हेच शिकवतेस, म्हणून तुला विचारतो.

कथेचं नाव 'शेवटची वीत'. येवल्याचा एक विणकर आपली हकिकत सांगतो. मागावर पैठणी आहे, पदर एक वीत राहिला आहे. शेजारच्या खोलीत म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली. धाकटा भाऊ सुरतेला. आई जाते, आणि भाऊ त्यानंतर पोचतो. तो विचारतो, मला का बोलावलं नाही? विणकर म्हणतो, "मायनंच सांगितलं, आधी लुगडं पुरं कर, मग त्याला बोलाव." भाऊ सुरतेला निघून जातो. विणकर पुन्हा मागावर बसतो. एवढीच कथा.

मला ती आवडली. विणकराचं काही चुकलं असं मला वाटत नाही. आईची इच्छाच तशी होती. तुझ्या आईनंही जाताना असंच सांगितलं होतं ना, तेजूचे पेपर होऊ द्या, मग कळवा. हे मी तुला तेव्हाच सांगितलं आहे. आता विषय निघाला म्हणून लिहिलं, एवढंच. तिनंच सांगितलं होतं.

तर कथा कशी वाचावी, ते जमलं तर कळव. सध्या मी मला येते तशीच वाचतो. सकाळी आंघोळ करून, देवापुढे दिवा लावून, पोथी वाचतो तशी, ओळीखाली बोट ठेवून मोठ्याने. रोज पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. पारायणच धर. समोर पाटही मांडतो, भोवती रांगोळीची एक रेघ ओढतो. हसू नकोस. ऐकायला कोणी नसलं तरी समोर पाट मांडल्याशिवाय वाचायला बसू नये, असं आमच्या दादांनी शिकवलं होतं. ऐकणारा कोणत्या रूपात येऊन बसेल ते आपल्याला कळत नाही, म्हणायचे.

पाट तोच, तुझ्या आईच्या रुखवतातला, पुढच्या कडेला पितळी फूल असलेला.

इकडे थंडी फार आहे. तू सकाळी स्वेटर घालत जा.

पप्पा


१९ जानेवारी २०२५, रविवार

तेजू,

पाकीट मिळालं. आत मायना नाही, खाली नाव नाही, एका कागदावर पाच प्रश्न. पण अक्षर तुझं. 'ळ' अजून तसाच काढतेस, खाली शेपूट ओढून. मी कागद दोनदा डोळ्यांना लावला. हे लिहायला नको होतं, पण राहू दे.

कोण सांगतंय? काय सांगितलेलं नाही? काय पुन्हा पुन्हा येतं? काळ कुठे गाळलाय? आणि हे सगळं कोणाला सांगितलं जातंय?

कारखान्यात माझ्या टेबलावर गेज असतात. भोकात गेज गेला तर माल पास, नाही गेला तर नापास. तिसरं उत्तर नसतं. तुझे प्रश्न तसे नाहीत. ते अर्धे आत जातात आणि अडकून बसतात, ना पुढे ना मागे.

आज वर्गात तुझा पहिला प्रश्न मी माझाच म्हणून विचारला. आमच्यात एक नवसाबाई आहेत, साठीच्या. पंचवटीत भाजी विकतात. सुनेने एकदा दुकानाची पाटी वाचता येत नाही म्हणून टोमणा मारला, त्यावर यांनी थेट बी.ए.लाच नाव घातलं. दर रविवारी मॅडमना कोथिंबिरीची जुडी आणतात आणि मॅडम दर रविवारी पैसे देऊ करतात.

मी म्हटलं, "ही हकिकत विणकर सांगतोय, म्हणजे आपल्याला सगळं आतून कळतं."

नवसाबाई म्हणाल्या, "आतून नाय कळत दादा. त्याला वाटतं तेवढंच कळतं. मला तर हा माणूस लय खोटा वाटतो."

"का हो? देवभोळा आहे, कष्टाळू आहे."

"आवो, तो भावानं इचारायच्या आधीच दोनदा म्हनून ऱ्हायला, मायनंच सांगितलं, मायनंच सांगितलं. पस्तीस वर्सं झाली मला भाजी इकून. गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत जो म्हनतो ना, ताजी हाय, आजचीच हाय, त्याची मेथी कालची असती."

वर्ग हसला. लतिका मॅडम हसल्या नाहीत, त्यांनी ते फळ्यावर लिहिलं. "हा पुरावा आहे," म्हणाल्या. "नवसाबाईंनी मजकुरातला पुरावा दिला. तुम्हीही विणकराबद्दल चांगलं मत बनवलंय, गोरक्षराव, पण त्याच्याच शब्दावर. दुसरा साक्षीदार कोण?"

मी म्हटलं, दुसरा साक्षीदार म्हणजे त्याची आई, पण ती तर गेली. मॅडम म्हणाल्या, "म्हणूनच तो निश्चिंत आहे."

घरी येताना पुलावर गाडी थांबवून मी बराच वेळ गोदेचं पाणी पाहत उभा होतो.

आणखी एक गोष्ट लिहू की नको असं चाललं आहे. लिहितो, कारण तू कोणाला सांगणार नाहीस. गुरुवारी सकाळी वाचत होतो. दुसऱ्या पानावर विणकर आईला भाताची पेज भरवतो, ते वाक्य संपलं आणि समोरून हुंकार आला.

तुला आठवतं, मी पोथी वाचायला बसलो की आई त्या पाटावर बसून वाती वळायची आणि प्रत्येक ओवीला 'हूं' म्हणायची. तोंड मिटून, नाकातून, शेवटी जरा वर नेत. मी एकदा रागावलो होतो, पोथीला हुंकार देत नाहीत म्हणून. ती म्हणाली होती, "आमच्या गावाला गोष्ट ऐकणाऱ्यानं हूं म्हटलं नाही तर सांगणारा गप्प बसतो. त्याला कळायला नको, समोर कोणी आहे म्हणून?"

तो हूं होता. शेजाऱ्यांची मोटर असेल. कबुतरंही फार झाली आहेत.

पप्पा


२८ जानेवारी २०२५, मंगळवार

तेजू,

मोटर नव्हती.

मी तपासणीचा माणूस आहे. कारण सापडल्याशिवाय वहीत काही लिहीत नाही. पाच दिवस सकाळी वाचण्याआधी फ्रिज बंद केला, खिडक्या लावल्या, शेजारच्या शेखरला त्यांची मोटर उशिरा लावायला सांगितली. त्याने कारण विचारलं. अभ्यास आहे म्हटलं. तो म्हणाला, "काका, या वयात एवढा अभ्यास? आमच्या पोराला जरा पाठवू का बघायला?"

हुंकार रोज येतो. मोठा नाही. बसलेल्या माणसाचं तोंड असतं तेवढ्या उंचीवरून येतो. मी वर पाहिलं की पाट रिकामा असतो, रांगोळीची रेघ जशीच्या तशी. म्हणून वर पाहत नाही, ओळीवरचं बोट पुढे नेतो. मला भीती वाटली नाही असं लिहिणार होतो, पण खोटं लिहू नये. भीती वाटते. तरी सकाळी आंघोळ झाली की पाय त्या खोलीकडे वळतात.

गेल्या आठवड्यापासून एक लक्षात आलं. हुंकार सगळीकडे येत नाही. विणकर रेशीम उकलतो, हूं. आई पाणी मागते, हूं. सुरतेच्या भावाच्या लहानपणाची आठवण येते, तिथे जरा लांब हूं. आणि सातव्या पानावर 'मायनंच सांगितलं, आधी लुगडं पुरं कर' हे वाक्य आलं की समोर काही नाही. मी थांबलो. परत वाचलं. काही नाही. तिसऱ्यांदा हळू वाचलं. खोलीत दिव्याची वात जळते तेवढाच आवाज. पुढचं वाक्य वाचलं, 'भाऊ उंबऱ्यात बसला', लगेच हूं.

काल फोनवर रेकॉर्डिंग केलं. ते दुपारी कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत कानात घालून ऐकलं. त्यात हुंकार नाही. एकही नाही. नुसता माझा आवाज आहे. पण तेजू, माझा आवाज जागोजाग थांबतो. समोरच्याचं ऐकून मग पुढे जावं तसा, बरोबर तेवढाच थांबतो. आणि सातव्या पानावर त्या वाक्यानंतर थांबतो तो एक मिनिट दहा सेकंद. नंतर मी स्वतः काहीतरी पुटपुटतो. काय ते मला आठवत नाही आणि रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट येत नाही. पुन्हा ऐकायची हिंमत झाली नाही, पुसून टाकलं.

अभ्यासापुरतं एवढं कळलं, की नवसाबाईंचं बरोबर आहे. त्या वाक्यात काहीतरी आहे. तुझा दुसरा प्रश्न मी त्या वाक्यासमोर पेन्सिलीने लिहून ठेवला आहे: काय सांगितलेलं नाही?

तुझ्या चौथ्या प्रश्नाचंही उत्तर सापडलं. विणकर सांगतो, सोमवारी आईचा ताप वाढला. पुढच्या परिच्छेदात गुरुवार आहे आणि आई गेलेली आहे. मधले दोन दिवस पानावर नाहीतच. मी तीनदा वाचलं तेव्हा दिसलं. मॅडमना विचारीन, झेरॉक्समध्ये एखादं पान राहिलं आहे का.

पप्पा


९ फेब्रुवारी २०२५, रविवार

तेजू,

तुझं दुसरं पाकीट आलं. त्यात एकच ओळ:

'मंगळवारी आणि बुधवारी काय झालं?'

हे तू कथेबद्दल विचारलं आहेस असं धरून मी आधी उत्तर लिहायला घेतलं. गेल्या रविवारी मॅडम म्हणाल्या, पान राहिलेलं नाही. "कथा एवढीच आहे. गाळलेला काळ लेखकाने गाळलेला नाही, विणकराने गाळलाय. हा फरक कळला तर तुमचं अर्धं काम झालं."

नवसाबाई मागून म्हणाल्या, "मधलं पान गेलेलं नाय दादा, त्यानं गिळलंय."

मी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, काय झालं असेल त्या दोन दिवसांत?"

"म्हातारी पोराचं नाव घेत ऱ्हायली आसंल, दुसरं काय? मरनारं मानूस लुगडं पुरं कर म्हनतं का कुठं? आन् हा टकटक टकटक माग चालवीत बसला, तिचा आवाज ऐकू येऊ नये म्हनून. बघा ना, पानापानाला मागाची टकटक हाय."

खरंच आहे. मोजली. एकवीस वेळा मागाचा आवाज येतो. तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका भाजीवालीला सापडलं, आणि मी रोज मोठ्याने वाचत असून मला ऐकू आलं नव्हतं. मला वाटत होतं, तो फक्त कष्टाळू आहे.

मग घरी येऊन जुनी कॅलेंडरं काढली. तुझी आई दुधाच्या नोंदीसाठी कॅलेंडर जपून ठेवायची, ती मी टाकलेली नाहीत. २०२२ चं काढलं. सोळा मे सोमवार. एकोणीस मे, आई गेली तो दिवस, गुरुवार.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण ते वारांनी माझ्या डोक्यात नव्हतं. ज्याने ही कथा लिहिली त्याने आपल्याला कधी पाहिलेलं नाही, आणि त्याने तेच चार वार घेतले, तेच दोन गाळले.

आणखी एक केलं, ते करायला नको होतं. तुला पाठवलेल्या पहिल्या पत्राचा कच्चा कागद माझ्याकडे होता. आज कथेऐवजी तो घेऊन पाटासमोर बसलो आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचला. मयूरमामाचं नाव आलं, हूं. तू म्हणाली होतीस ते लोखंड मोजण्याचं आलं, तिथे हुंकारात हसू होतं, तुला खोटं वाटेल. मग ती ओळ आली. 'तिनंच सांगितलं होतं.'

समोर काहीच नाही. आधी नुसतं काही ऐकू येत नसे. आज तसं नव्हतं. समोरचा माणूस श्वास धरून आपल्याकडे बघतो, तसं होतं. दिव्याची ज्योत सरळ उभी, जराही हलत नव्हती. किती वेळ बसलो माहीत नाही. दाराबाहेर दूधवाल्याने हाक मारली तेव्हा उठलो.

तुझ्या ओळीचं उत्तर या पत्रात नाही. मला थोडे दिवस दे.

पप्पा


२३ फेब्रुवारी २०२५, रविवार

तेजू,

विश्लेषण लिहून झालं. सहा पानं. मॅडमना आज दिलं. त्यात शेवटी मी काय लिहिलं ते आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. तुझा पाचवा प्रश्न होता, हे कोणाला सांगितलं जातंय? मी लिहिलं, विणकर भावाला सांगतोय असं दाखवतो, वाचकाला सांगतोय असंही दाखवतो, पण खरं तो आईलाच सांगतोय. ती एकटीच आहे जिला मंगळवार आणि बुधवार माहीत आहेत. तिने हो म्हणेपर्यंत त्याला ही कथा पुन्हा पुन्हा सांगत राहावी लागणार, आणि ती हो म्हणणार नाही.

मॅडमनी तिथेच उभ्याने वाचलं. म्हणाल्या, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, माझी मुलगी शिकवते.

आता अवघड ते.

सोमवारी सोळा तारखेला आपण आईला दवाखान्यात हलवलं, ते तुला माहीत आहे. म्हणजे मी हलवलं. तुला पुण्याला फोनवर सांगितलं की थोडी कणकण आहे, सलाईन लावून घरी आणतो. डॉक्टरांनी मला त्याच संध्याकाळी बाजूला घेऊन सांगितलं होतं, किडनीचा संसर्ग रक्तात गेला आहे, जवळच्या माणसांना बोलावून घ्या. जवळचं माणूस तू एकटीच होतीस. तुझे एम.ए.चे दोन पेपर राहिले होते, मंगळवारी एक, गुरुवारी एक.

मंगळवारी सकाळी आई म्हणाली, "तेजूला बोलवा."

मी म्हटलं, पेपर आहे तिचा.

ती म्हणाली, "पेपर काय, परत होतील."

मी म्हटलं, तू बरी होणार आहेस, उगाच पोरीचं वर्ष कशाला घालवायचं. आमच्या घराण्यात एम.ए. कोणी झालं नाही. मी दहावीनंतर आयटीआय केलं. तुझ्या आईला सातवीतून काढलं होतं. मला वाटलं, मी दोन्ही धरून ठेवू शकेन. तुझा पेपर आणि तिचा श्वास. मला हे खरंच वाटलं होतं. त्यात वाईट हेतू नव्हता, पण नवसाबाई म्हणतील, हेतूनं मेथी ताजी होत नाय.

मंगळवारी संध्याकाळी तुझा फोन आला. "आईला दे ना." मी पलंगापाशी उभा होतो. मी म्हटलं, "आई झोपली आहे." ती जागी होती, तेजू. डोळे उघडे होते. माझ्याकडे बघत होती आणि हात पुढे केला होता. फोनसाठी. तिच्याशी बोललीस तर तुला आवाजावरून कळेल आणि तू रात्रीच निघशील, असं माझ्या मनात आलं. मी फोन घेऊन बाहेर गेलो.

बुधवारी तिने दोनदा विचारलं. दुपारी एकदा, नुसतं "तेजू?" आणि संध्याकाळी तू फोन केलास तेव्हा मी पुन्हा तेच वाक्य म्हटलं, दाराबाहेर उभं राहून. आत आल्यावर ती म्हणाली, "आली का?" मी म्हटलं, "उद्या येते ती. सकाळी निघते. उद्या तुझ्यापाशी असेल."

ती "हूं" म्हणाली.

तसाच, शेवटी जरा वर नेत. त्यानंतर ती बोलली नाही. गुरुवारी सव्वाअकराला गेली. तेव्हा तू पेपर लिहीत होतीस. दोन वाजता मी फोन केला, रात्री आठला तू आलीस, आणि दारातच विचारलंस, "आईनं मला का नाही बोलावलं?"

तू मला विचारलं असतंस, तुम्ही का नाही बोलावलं, तर कदाचित मी खरं सांगितलं असतं. पण तू आईबद्दल विचारलंस आणि माझ्या तोंडून ते वाक्य निघालं. मग पाहुणे आले, त्यांनाही तेच सांगितलं. सगळे म्हणाले, बघा, माउली असावी तर अशी. तेराव्यानंतर तू गेलीस. मला वाटलं, तू माझ्यावर रागावली आहेस. मयूरमामाने या महिन्यात सांगितलं तेव्हा कळलं. तू त्याला म्हणाली होतीस, "मामा, मरताना आईला मी आठवले नाही." पावणेतीन वर्षं तू हे घेऊन राहते आहेस आणि ते मी तुझ्या हातात दिलं.

तिने तुला तीन वेळा बोलावलं. मंगळवारी एकदा, बुधवारी दोनदा. तिचं शेवटचं बोलणं तुझ्या येण्याबद्दल होतं. माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून ती हूं म्हणाली. त्या एका हुंकारासाठी मी आता रोज समोर पाट मांडतो असं मला वाटायला लागलं आहे, आणि त्यासाठी ती येते की नाही हे मी कोणाला सिद्ध करून देऊ शकत नाही.

क्षमा मागण्याची पद्धत मला येत नाही. देवापुढे नाक घासता येतं, तुझ्यापुढे कसं करावं? तू मला पप्पा म्हणू नकोस वाटलं तर. पण आईबद्दल जे माझ्यामुळे मनात धरलंस, ते काढून टाक.

हे पत्र मी उद्या सकाळी आधी तिच्यासमोर वाचीन आणि मग पोस्टात टाकीन. आता मागे घेता येऊ नये म्हणून तुला हे आधीच लिहून ठेवतो.


२४ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी

त्याच कागदावर खाली लिहितो आहे. कारखान्याची बस चुकली, चुकू दे.

आंघोळ केली, दिवा लावला, पाट मांडला. पितळी फूल नेहमीप्रमाणे माझ्याकडे. भोवती रांगोळीची रेघ ओढली आणि वाचायला बसलो. हुंकार आला नाही. पहिल्या ओळीला नाही, मॅडमच्या बोलण्याला नाही, नवसाबाईंच्या मेथीला नाही. मंगळवार आला, काही नाही. बुधवार आला. मी थांबत होतो, कोणी थांबवलं म्हणून नाही, तर वाट पाहत. 'ती हूं म्हणाली' हेही वाचलं. काही नाही. शेवटपर्यंत वाचलं आणि मान खाली घालून बसलो. मला वाटलं, ती आता येणार नाही. खोटं ऐकायचं नव्हतं आणि खरं ऐकून माझ्याजवळ बसावंसं वाटलं नाही. तसंही असेल. तिचा हक्क आहे.

मग पाट उचलायला वर पाहिलं.

पाट फिरला आहे, तेजू. पितळी फूल माझ्याकडे नाही. ते पलीकडे आहे, रस्त्याच्या दाराकडे. रांगोळीची रेघ कुठेही मोडलेली नाही. मी गुडघ्यावर बसून चारी बाजूंनी पाहिली, खोलीत दुसरं कोणी नव्हतं आणि मी जागचा उठलो नव्हतो. हात लावून पाहिला. फरशी गार आहे, पाट गार नाही.

ती माझं ऐकून घेऊन वळून बसली आहे. दाराकडे तोंड करून, तुझी वाट बघत.

मी पाट उचललेला नाही. पत्र टाकायला जाताना दार नुसतं लोटून जाईन, कडी लावणार नाही.

पप्पा